कागदावर झकास, कापडावर फिकं? लिनोकटबद्दल तुमचे प्रश्न

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या शीटवर, म्हणजे लिनोवर, नक्षी कोरायची आणि उंच राहिलेल्या भागाला शाई लावून छापायचं. या वेळी आलेली पत्रं वाचली तर जवळपास सगळेच कागदावरून कापडावर उडी मारायच्या तयारीत दिसतायत आणि मला त्याचा मनापासून आनंद झालाय, कारण स्वतः कोरलेला ठसा रोजच्या वापरातल्या कपड्यावर उमटलेला बघण्याची मजा वेगळीच असते. पण एक गोष्ट सांगते. डिझाइन आणि कोरण्याबद्दल लोकांनी पानपानभर लिहिलंय, आणि शाई कुठली होती, कापड कुठलं होतं, खाली काय अंथरलं होतं याबद्दल एक ओळ नाही. कापडावरच्या छपाईत अर्ध्याहून जास्त काम कोरून झाल्यावर सुरू होतं असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून उत्तरं पण तिकडेच जास्त झुकलीयत.

प्रश्न: ताई, मी लिनोवर पानांचं डिझाइन कोरलं, कागदावर प्रिंट एकदम काळीभोर आणि स्वच्छ आली. तोच ठसा कॉटनच्या पिशवीवर मारला तर मधेमधे पांढरे ठिपके, कडा पण अर्धवट. शाई वाढवली तर बारीक रेषा भरून गेल्या. आता काय करू?

शाई वाढवायच्या आधी टेबलाकडे बघा. कापडात धागे एकमेकांच्या वरखाली जातात म्हणजे उंचवटे आणि खड्डे आलेच, लिनो कडक, टेबल कडक, मग ठसा फक्त उंचवट्यांना टेकतो आणि खड्डे कोरडे राहतात, ते तुमचे पांढरे ठिपके. त्यात पिशवी म्हणजे शिवण आली, दुमड आली, ठशाचा एक कोपरा जरी शिवणीवर चढला तरी आजूबाजूचा सगळा भाग हवेत राहतो, म्हणून कडा अर्धवट.

तर खाली गादी करायची. जुन्या ब्लँकेटच्या एक-दोन घड्या किंवा फेल्ट (दाबून केलेलं जाड लोकरी कापड), त्यावर मांजरपाटाचा स्वच्छ तुकडा ताणून लावलेला, एवढं पुरतं. फार जाड आणि मऊ स्पंज नको, कारण मग ठसा आत बुडतो आणि कोरून काढलेल्या भागात चुकून लागलेली शाई पण कापडावर उमटते. पिशवीच्या आत, शिवणींच्या मधे बरोबर मावेल असा पुठ्ठा कापून त्यावर फेल्टचा तुकडा ठेवून सरकवा, म्हणजे शिवणीची उंची पण भरून निघेल आणि मागच्या बाजूला शाई पण झिरपणार नाही.

मग दाब. ठसा एकदा कापडावर टेकला की अजिबात सरकवायचा नाही, मधून सुरू करून कडांकडे अंगाचं वजन टाकत जायचं, नुसत्या मनगटाने होत नाही. लिनो प्लायवूडच्या तुकड्यावर चिकटवलेला असेल तर रबरी हातोडीने ठोकता येतं किंवा सगळं जमिनीवर ठेवून चक्क त्यावर उभं राहता येतं, आणि खरं सांगायचं तर घरच्या घरी सारखा दाब द्यायला यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. ठसा तळहातापेक्षा बराच मोठा असेल तर सगळं उलटं करा, ठसा शाईची बाजू वर करून टेबलावर, कापड त्याच्यावर, आणि लाकडी चमच्याच्या पाठीने गोल गोल घासत जा. यात फायदा असा की एका हाताने कापड घट्ट धरून दुसऱ्या हाताने एक कोपरा हळूच उचलून बघता येतं, कुठे कमी आलंय ते दिसतं, आणि तिथे परत घासता येतं.

आता शाई. कापड शाई पितं त्यामुळे कागदापेक्षा थोडी जास्त लागते हे खरंय, पण ती एकदम जाड थापायची नाही, पातळ थर तीन-चारदा द्यायचा, दर वेळी रोलर शाई पसरलेल्या काचेवर परत फिरवून. शाई बरोबर असली की रोलर फिरताना बारीक चिकट चरचर आवाज येतो आणि काचेवर अगदी बारीक दाणेदार पोत दिसतो. संत्र्याच्या सालीसारखे मोठे खड्डे दिसायला लागले तर शाई जास्त झालीय, थोडी रद्दी कागदावर काढून टाका. आणि नवा लिनो पहिल्या एक-दोन छापांना शाई नीट धरत नाही, ते छाप त्याच कापडाच्या चिंधीवर घ्या. त्याच कापडाच्या म्हणजे खरंच त्याच, दुसऱ्या कापडावरची ट्रायल काही कामाची नाही.

प्रश्न: मी छापलेले रुमाल पहिल्या धुण्यातच फिके झाले, दुसऱ्या धुण्यात तर नुसता डाग राहिला. डब्यावर ब्लॉक प्रिंटिंग इंक असंच लिहिलं होतं आणि मी इस्त्री पण केली होती. मग चुकलं कुठे?

शाईची निवड चुकली, तुमचे हात नाही. ब्लॉक प्रिंटिंग इंक एवढंच लिहिलेलं असेल आणि ती पाण्यात सहज विरघळणारी असेल तर बहुतेक करून ती कागदासाठीची असते. ती सुकते म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, परत पाणी लागलं की परत सुटते, कितीही इस्त्री फिरवा, त्यात कापडाला धरून ठेवणारं काही नसतंच. कापडासाठी मुख्य तीन रस्ते आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला रस्ता तेलाच्या शाईचा. यात जवसाच्या तेलासारखं सुकणारं तेल असतं आणि ते हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन कडक होतं, यात काही उडून जात नाही. त्यामुळे ती हळू सुकते, कापड लटकवून मोकळ्या हवेत आठवडाभर तरी ठेवायचं, दमट हवेत आणखी वेळ लागतो. हात लावल्यावर सुकी वाटली तरी आतून ओली असू शकते, आणि अशा वेळी घडी घातली तर पलीकडच्या बाजूला दुसरा छाप तयार. एकदा पूर्ण बसली की मात्र टिकते आणि लिनोवर सगळ्यात सुंदर हीच चालते, बारीक रेषा हिच्यात जशा येतात तशा दुसऱ्या कशात येत नाहीत. हल्ली तेलाच्या पण साबण-पाण्याने साफ होणाऱ्या शाया मिळतात, कापडासाठीच बनवलेल्या पण मिळतात, माझी पसंती तिकडे आहे.

दुसरा रस्ता स्क्रीन प्रिंटिंगच्या पाण्यावरच्या कापडी शाईचा किंवा पिगमेंट (रंगद्रव्य) आणि बाइंडर (ते कापडाला चिकटवणारा द्रव) यांचा. इथे रंग धाग्याच्या आत शिरत नाही, बाइंडरच्या पातळ पापुद्र्याने वरून चिकटून बसतो आणि तो पापुद्रा पक्का व्हायला उष्णता लागते. हिची अडचण अशी की ही पातळ असते आणि लवकर सुकते, कडक रबरी रोलरवर नीट पसरत नाही, घसरते आणि कोरलेल्या खाचांमध्ये जाऊन बसते. म्हणून रोलर फोमचा घ्या किंवा स्पंजच्या तुकड्याने ठशावर टिपून टिपून लावा आणि शाई लावल्या लावल्या छापा, मधे फोन घ्यायला जाऊ नका.

तिसरा रस्ता, घरात असलेले अ‍ॅक्रेलिक रंग आणि त्यात मिसळायचं टेक्सटाइल मिडियम, म्हणजे रंग कापडावर ताठ न होता बसावा म्हणून घालायचा द्रव. प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं तेच धरा. नुसतं अ‍ॅक्रेलिक लावलं तर धुण्यात पटकन जात नाही पण कापड ताठ होतं आणि काही दिवसांनी तडे जातात. सुरुवात करायला हा रस्ता ठीक आहे, बारीक नक्षीसाठी नाही.

इस्त्री फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्याला लागते. शाई पूर्ण सुकल्यावर, निदान एक दिवस जाऊ दे, मग वाफ बंद करून, कापडाला चालेल तेवढ्या जास्त गरम इस्त्रीने, मधे पातळ सुती कापड ठेवून, उलट्या आणि सुलट्या दोन्ही बाजूंनी. एकाच जागी टेकवून ठेवू नका, फिरवत राहा, पण प्रत्येक भागाला तीन ते पाच मिनिटं उष्णता मिळेल असं बघा. लोक दोनदा इस्त्री फिरवतात आणि झालं म्हणतात, तेवढ्याने होत नाही. नंतर चार दिवस थांबून पहिलं धुणं गार पाण्यात, कपडा उलटा करून, सौम्य साबणाने.

प्रश्न: नवीन कोरं कापड आधी धुवायलाच पाहिजे का? आणि टी-शर्टवर छापता येईल का, माझे बरेचसे पॉलिस्टर मिक्स आहेत.

धुवायलाच पाहिजे, यात तडजोड नाही. नव्या कापडात खळ असते, वर कधीकधी चमक यावी म्हणून आणखी काही लावलेलं असतं, शाई त्या थरावर बसते आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जाते. शिवाय कापड आटतं, आणि छापल्यावर आटलं तर नक्षी वेडीवाकडी होते. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र घालू नका. धुऊन, वाळवून, कडक इस्त्री करून मगच टेबलावर घ्या.

कापड घट्ट विणीचं, गुळगुळीत आणि सुती असेल तर उत्तम, पॉपलिन, कॅम्ब्रिक, बारीक लिनन. जाड्याभरड्या कापडावर बारीक रेषांचा आग्रह सोडा, तिथे मोठे ठसठशीत आकारच शोभतात. टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं फासे घालून विणलेलं असतं, ताणलं जातं, त्यामुळे आत पुठ्ठा घालून कापड न ताणता नुसतं सपाट करून टेपने धरायचं. ताणून छापलं तर सोडल्यावर गोलाचा अंडाकार होतो. पॉलिस्टर मिक्सवर शाई धरते पण सुतीइतकी टिकत नाही, आणि पॉलिस्टरला फार गरम इस्त्री चालत नाही म्हणजे फिक्सिंग पण कच्चं राहतं. निम्म्याहून जास्त सुती असेल तर करून बघा, नाहीतर जाऊ द्या.

प्रश्न: मला पिशवीवर देवनागरीत नाव छापायचंय. अक्षरं उलटी कोरायची हे कळलं, पण कोरताना डोकं फिरतं. काही सोपी युक्ती?

उलटं काढायचा प्रयत्नच करू नका. नाव सरळ, मऊ पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर लिहा, कागद पालथा करून पेन्सिलीची बाजू लिनोवर टेकवा आणि मागून चमच्याने घासा, अक्षरं आपोआप उलटी उतरतात. मग परमनंट मार्करने गिरवून घ्या, कारण पेन्सिल हाताला लागून पुसते. कोरायच्या आधी आरशात बघा, आरशात नाव सरळ वाचता आलं तरच हत्यार हातात घ्या. ज्यांना पूर्ण नाव आरशात वाचायचा कंटाळा येतो त्यांचे काना आणि वेलांटी हमखास चुकीच्या बाजूला जातात.

देवनागरीची एक खास अडचण आहे. शिरोरेषा ही लांब, सरळ, अरुंद पट्टी असते, ती उंच ठेवून दोन्ही बाजूंनी लिनो काढायचा असतो आणि तिथेच हत्यार घसरतं. तिची कड आधी स्टीलच्या पट्टीला धारदार कटर लावून हलक्या हाताने रेघ मारून पक्की करा, मग व्ही-गाऊज (व्ही आकाराच्या टोकाचं कोरायचं हत्यार) त्या रेघेपर्यंत आणा, लिनो तिथेच तुटतो आणि कड सरळ मिळते. कटर सरळ खाली घालायचा नाही, थोडा बाहेरच्या बाजूला तिरका, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो आणि दाबाखाली ती ढासळत नाही. अनुस्वाराचा ठिपका वाटतो त्यापेक्षा मोठा ठेवा, कापडावर बारीक ठिपके नीट उमटत नाहीत. आणि ब मधली तिरकी रेघ, श ची गाठ, क्ष चे वळसे यांच्या मधल्या पांढऱ्या जागा पण मोकळ्या ठेवा नाहीतर शाईने भरतात. अक्षर निदान बोटभर उंच घ्या. किंवा सरळ उलटा विचार करा, अक्षरं कोरून काढा आणि आजूबाजूचा भाग ठेवा, रंगाच्या चौकोनात कापडाच्या रंगाची अक्षरं फार छान दिसतात आणि कोरायला पण कमी त्रास.

प्रश्न: माझा लिनो इतका कडक झालाय की गाऊज आत जात नाही, जोर लावला तर सटकतो. एकदा बोटाला लागलं पण. दुसरं काही वापरू का?

आधी सुरक्षेचं. ज्या दिशेने हत्यार जातंय त्या दिशेला दुसरा हात कधीच नसावा, लिनो धरणारा हात नेहमी हत्याराच्या मागे. वळण घेताना मनगट फिरवायचं नाही, लिनो फिरवायचा. टेबलाच्या कडेला अडकणारी लाकडी अडणी करून घेतली तर लिनो त्याला टेकून बसतो आणि धरायची गरजच कमी होते. आणि बोथट हत्याराने इजा जास्त होते, कारण त्याला जोर जास्त द्यावा लागतो, म्हणून चामड्याच्या पट्टीवर पॉलिशिंग पेस्ट लावून मधूनमधून धार करत जा.

लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल हवेत घट्ट करून त्यात राळ, बुचाचा भुगा आणि लाकडाचा भुगा मिसळून तागाच्या कापडावर बसवलेलं मिश्रण. 1860 च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने जमिनीवर अंथरायला म्हणून ते बनवलं, चित्रकारांनी ते नंतर उचललं. तेल हवेशी प्रक्रिया करतच राहतं त्यामुळे जुना लिनो कडक आणि ठिसूळ होतो, आणि थंडीत आणखीच. कोरायच्या आधी उन्हात ठेवा, किंवा हेअर ड्रायरने, किंवा मधे कापड घालून कोमट इस्त्रीने गरम करा, लगेच मऊ होतो, गार झाला की परत गरम करा. तरीही कडेने भुगा पडत असेल तर तो तुकडा गेला, बारीक कामाला घेऊ नका. आणि एक तपासून बघा, हल्ली जमिनीवर घालायचं जे मिळतं ते बऱ्याचदा विनाइल असतं, प्लास्टिक, ते लिनोसारखं कोरलं जात नाही.

मऊ रबरी शीट हा पर्याय आहे, हात दुखत नाही, कापडावर शाई पण छान सोडते आणि वाकते म्हणून असमान कापडावर उलट जास्त चांगली टेकते. पण मऊ असल्यामुळे बारीक रेषा दाबाखाली पसरतात आणि गाऊज पटकन खोल जातो. मोठ्या आकारांना रबर, नाजूक कामाला लिनो.

प्रश्न: पूर्ण टेबलक्लॉथवर एकच ठसा सलग छापायचा आहे पण जोड दिसतो. चौकोनाच्या रेघाच रेघा.

जोड छपाईत लपवायचा नसतो, डिझाइनमध्येच मिटवायचा असतो. चौकोनी कागदावर मधोमध चित्र काढा, कडांना टेकू देऊ नका. मग कागद उभा आणि आडवा मधोमध कापून चार तुकडे करा आणि अदलाबदल करून असे चिकटवा की जे कोपरे बाहेर होते ते आत मधोमध येतील. आता मधे रिकामी जागा दिसेल, ती भरा, पुन्हा बाहेरच्या कडांना हात न लावता. हा चौकोन शेजारी शेजारी ठेवला की चित्र आपोआप पुढे चालू राहतं. डावी कड उजवीला जुळलीच पाहिजे, कारण ती मुळात एकच होती.

छापताना टेबलक्लॉथवर आधी धुऊन जाणाऱ्या खडूने किंवा ताणलेल्या दोऱ्याने मधली उभी आणि आडवी रेघ आखा आणि मधून बाहेर जा, एका कोपऱ्यातून सुरू केलं तर शेवटच्या कोपऱ्यात सगळी तफावत साठते. ठशाच्या मागे वरच्या बाजूला बाण काढून ठेवा आणि कडांच्या मध्यावर खुणा करा, कापडावरच्या रेघांशी त्या जुळवत जायच्या. प्रत्येक उभी ओळ शेजारच्या ओळीपेक्षा अर्ध्या ठशाने खाली सरकवली तर उभ्या आडव्या रांगा डोळ्यात भरत नाहीत आणि थोडी चूक पण पचते, मात्र तसं करायचं ठरवलं तर डिझाइन कापून जोडताना पण तुकडे अर्ध्यानेच सरकवायला हवेत. आणि शाई लावायची पद्धत प्रत्येक ठशाला सारखी ठेवा, रोलर किती वेळा फिरवला ते मोजा, नाहीतर एक गडद एक फिका असं होतं.

प्रश्न: एकाच लिनोवर कोरत कोरत दोन-तीन रंग छापतात ते कापडावर जमेल का?

जमेल, पण मी सुरुवातीला सांगणार नाही. ही रिडक्शनची पद्धत, पिकासोने 1950 च्या दशकाच्या शेवटी याच पद्धतीने एकाच ठशातून अनेक रंगी लिनोकट केले, पण ते कागदावर, आणि कागद जागचा हलत नाही. कापड दर छपाईला थोडं सरकतं, ओलं झालं की आणखी. पहिला रंग छापून झाला की ठशाचा तो भाग तुम्ही कापून टाकलेला असतो, बिघडलं तर परत फिरता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक रंगाला वेगळा ठसा करा. पहिल्या ठशाचा कागदावर घेतलेला ओला छाप दुसऱ्या कोऱ्या लिनोवर उतरवून घ्या म्हणजे जागा बरोबर मिळते. कापड बोर्डवर टेपने पक्कं लावा आणि शेवटपर्यंत काढू नका, फिका रंग आधी, तो सुकला की गडद. आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे गडद रंग फिक्यावर थोडा चढेल असं कोरा, म्हणजे केसभर चुकलं तरी मधे पांढरी फट राहत नाही.

प्रश्न: काळ्या कापडावर पिवळा रंग छापला, दिसतच नाही.

बरेचसे रंग पारदर्शक असतात, खालचा काळा त्यातून वर येतो. अपारदर्शक म्हणून विकली जाणारी शाई घ्या किंवा पिवळ्यात बऱ्यापैकी पांढरा मिसळा. तरी कोऱ्या कापडावर येतो तेवढा तेजस्वी येणार नाही, काळ्यावर नुसता पांढराच सगळ्यात देखणा दिसतो.

प्रश्न: काम झाल्यावर ठसे कसे साफ करायचे? मी पाण्यात भिजत ठेवले तर वाकडे झाले.

भिजत कधीच ठेवू नका, मागचा ताग पाणी पितो, फुगतो आणि लिनो वळतो. सोड्यासारखा तीव्र क्षार पण नको, लिनोलियम त्याने खराब होतं. आधी रद्दी कागदावर दोन-तीनदा छापून शाई उतरवा, तेलाची शाई असेल तर थोडं खायचं तेल लावून चिंधीने पुसा, मग किंचित साबणाचं फडकं, लगेच कोरडं करा. खाचांसाठी जुना टूथब्रश. कापडी शाई असेल तर मात्र अजिबात वेळ लावू नका, ती खाचेत सुकली की निघत नाही. ठसे सपाट ठेवा, मधे कागद घालून, उन्हापासून लांब. वाकलेले ठसे कोमट करून वजनाखाली दाबून ठेवा, मग प्लायवर चिकटवून टाका.

एक गोष्ट कळकळीने सांगते, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता तयार होते, बोळ्यात ती साठते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक चिंधी पसरून बाहेर मोकळ्यावर वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला शिकवू का?

हो, पण गाऊज न देता. मऊ रबर किंवा फोमची पातळ शीट आणि बोथट पेन्सिल द्या, रेघा दाबून काढायच्या, त्या खोलगट होतात आणि छापल्यावर पांढऱ्या येतात. शाई म्हणून टेक्सटाइल मिडियम घातलेलं अ‍ॅक्रेलिक, जुन्या उशीच्या अभ्र्यावर, आणि इस्त्री तुम्ही करा.